हे घालणार कोण?

४ फेब्रुवारी

"हे घालणार कोण?" आत्याने विचारलं. माझं उत्तर तिला पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही, म्हणून निदान प्रश्न तरी लिहून ठेवते.

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत आजवर जे जे विणलं गेलं त्याला दोन बाह्या आणि एक गळा होता. शाळेचे स्वेटर, निळे नाहीतर करडे. आई आणि आत्या मशीनवर विणतात, चष्मेवाल्या काकू गळे आणि बाह्या जोडतात. त्यातून बाहेर पडलेली पहिली पदवीधर म्हणजे मी. माझं प्रमाणपत्र आईने मशीनच्या वर खिळ्याला टांगलंय, त्यावर लोकरीचे तंतू बसतात आणि आई ते दर आठवड्याला पुसते.

तर आज मी टेबलावर एक तुकडा ठेवला. प्रत्येक ओळीत टाके वाढवत नेले की कड मावेनाशी होते आणि स्वतःवरच दुमडत जाते. झालरीला झालर फुटते. अगदी प्रवाळासारखं. आत्याने तो आधी डोक्यावर घालून पाहिला, मग कोपरावर चढवला.

"घालायचं नाही, बघायचं आहे," मी म्हटलं.

"बघून थंडी जाते का?"

"प्रवाळ आहे ते. समुद्रातलं."

"प्रवाळ म्हणजे पोवळं? अंगठीतलं? एवढं मोठं?" आई मशीनमागून म्हणाली आणि तिघी हसत सुटल्या.

मला राग आला. मत्स्यालयाने एवढ्या अर्जांतून माझा आराखडा निवडलाय. प्रवेश दालनाची अख्खी भिंत मला दिलीय. आपल्या खाडीचा तळ लोकरीत करायचा आहे: एका टोकाला रंगांनी फुललेला, मग फिका, मग पांढरा, मग भोकाभोकांचा. तिघी मदत करायला तयार आहेत. पण सगळं समजावून सांगत बसले तर विणणं बाजूलाच राहील. मी त्यांना टाके आणि ओळी सांगेन, तेवढं पुरे. आराखडा माझ्या डोक्यात आहे.

९ फेब्रुवारी

लोकरीवरून भांडण. मी सांगितलं, सगळं खऱ्या लोकरीत. खोलीत दोनच शब्द चालतात, 'खरी' आणि 'प्लास्टिकची'. स्वेटर सगळे प्लास्टिकच्या लोकरीचे होतात, कारण शाळांना तेच परवडतं. पण समुद्राचं काम प्लास्टिकमध्ये करायचं? मग मी कशाला शिकले!

"खरी टोचते," आत्या म्हणाली. "आणि रंग बघ तिचे. आजाऱ्यासारखे. माझ्याकडे नारिंगी पडलीय, काय चमकते!"

"आत्या, नाही म्हणजे नाही."

"बरं बाई. तू शिकलेली."

हे वाक्य ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवते. टोमणा आहे की कौतुक, मला आजवर कळलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

बाबांनी माझा पहिला नमुना धुतला!

ते शाळेची बस चालवतात. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे घरी येतात आणि कपडे धुतात, कारण आईचे हात मशीनवर असतात. टेबलावरचा तुकडा त्यांना मळका वाटला. मळका नव्हता, मी चहाच्या पाण्यात बुडवून तो रंग आणला होता. त्यांनी तो कढत पाण्यात, भरपूर साबण घालून, जोर लावून घासला. बाहेर आला तेव्हा माझ्या तळहाताएवढा होता. टणक. टाके दिसतच नव्हते, जणू बुटाच्या आतलं जाड कापड.

"अहो, लोकर कधी गरम पाण्यात घालतात का?" आई म्हणाली.

"पोरीचं काम स्वच्छ दिसावं म्हटलं," बाबा म्हणाले. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाबा अर्धा चहा ठेवून बसकडे गेले. आईने तो गठ्ठा उचलला, दोन-तीनदा दाबून पाहिला आणि डगमगणाऱ्या मशीनच्या पायाखाली सरकवला. "बघ, कामाला आला," म्हणाली. खरंच, मशीन डगमगायचं थांबलं. मला मात्र हसू आलं नाही.

३ मार्च

मत्स्यालयात गेले होते. तिथल्या प्रयोगशाळेत माझ्याच वयाची एक मुलगी काम करते. तिने मला मागच्या खोलीतले कप्पे उघडून दाखवले. खाडीतून गोळा केलेली प्रवाळं, वर्षावर्षाप्रमाणे लावलेली. वरच्या कप्प्यातली अजून मातकट गुलाबी. खालच्यातली पांढरी. अगदी खालच्यात नुसता चुरा.

पलीकडच्या वीज केंद्रातून यंत्रं थंड करून आलेलं कोमट पाणी बारा महिने खाडीत पडतं. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि खाऊही घालतं. पाणी तापलं की प्रवाळ ते अंगाबाहेर टाकतं. मग पांढरं पडतं. तेवढ्यात पाणी निवलं तर वाचतं. निवलं नाही तर उपाशी मरतं.

"तुम्ही हे कुठे लिहिलंत का?" मी विचारलं.

"लिहिलं ना. या कप्प्यांच्याच वर, बंद कपाटात पडलंय," ती म्हणाली आणि कोरडं हसली.

परत येताना इतकी चिडले होते की घर ओलांडून पुढच्या वळणापर्यंत चालत गेले. मी भिंतीशेजारी एक कार्ड लावणार. दोन ओळी: गरम पाणी कुठून येतं आणि त्याने काय होतं.

२२ मार्च

विणलं. मनगट सुजलंय. आत्याचं नारिंगी प्रवाळ झालं, फारच सुंदर झालंय. ती माझ्यापेक्षा सैल विणते, त्यामुळे झालरी उमलल्यासारख्या दिसतात. हे तिला सांगायचं राहिलं.

११ एप्रिल

आज आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम टाका सोडला.

या खोलीचा एक नियम आहे, आईचा: सुटलेला टाका दाराबाहेर जात नाही. प्रत्येक स्वेटर ती खिडकीच्या उजेडासमोर धरते, दोन्ही हातांनी ताणते आणि एक सुटलेला टाका दिसला तरी आकड्याची सुई घेऊन तो खालपासून वर, एकेक पायरी उचलून आणते. लहानपणी मला वाटायचं, तिला दिसत नाही असं जगात काही नाही.

तिघी स्वेटर पोचवायला गेल्यावर मी पांढरा भाग जमिनीवर पसरला. एक टाका सुईवरून सोडला आणि कापड ताणलं. तो खाली घसरला, त्याच्या खालचा त्याच्यामागे, मग त्याच्या खालचा. शिडीसारखी भेग उघडत तळापर्यंत गेली. आवाज काही नाही. मी दुसरा सोडला. मग कुठले कुठले सोडत गेले. समुद्र असाच मरत असणार, कोणी न ओरडता. संध्याकाळपर्यंत पांढरा भाग फाटक्या जाळ्यासारखा झाला होता. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता.

आई आल्यावर तिची नजर त्यावर गेली. तिने तोंड उघडलं. "असू दे तसंच," मी म्हटलं आणि गुंडाळून ठेवलं. दमले होते.

२६ एप्रिल

रागात लिहितेय, अक्षर वाईट येणार.

दोन दिवस मत्स्यालयात होते. भिंतीवर लोखंडी जाळी बसवून घेतली, सगळं काम त्यावर तारांनी बांधायचं आहे. आज घरी आले तर तिघी ओळीने उभ्या. आत्याचा चेहरा तर असा की जणू माझं लग्न ठरवून आलीय.

"डोळे मीट," ती म्हणाली.

मी मिटले. उघडले तेव्हा टेबलावर पांढरा भाग पसरलेला होता. अख्खा. एकही भोक नव्हतं.

"कसर लागली होती गं त्याला," आत्या म्हणाली. "किती ठिकाणी! तू एवढी दमलेली, तुझ्या लक्षात तरी कधी येणार? आम्ही तिघींनी दोन दिवस मशीनला हात लावला नाही."

"एकही कळणार नाही," आई म्हणाली. "उजेडात धरून बघ."

मी धरलं. खरंच कळत नव्हतं. माझ्या सगळ्या भेगा, प्रत्येक टाका खालून वर उचलून जागेवर आणलेला. मेलेला समुद्र त्यांनी रफू करून ठेवला होता!

मी ओरडले. "मुद्दाम सोडले होते ते! तुम्हाला विचारलं होतं का कोणी? तुम्हाला काय कळतं यातलं!" चष्मेवाल्या काकूंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या. आत्या म्हणाली, "मुद्दाम? मुद्दाम कोणी टाका सोडतं?" आई मशीनवर जाऊन बसली, पण चालवलं नाही.

मी चुकीचं काय बोलले? काम माझं आहे. एखाद्याने माझ्या वहीतली वाक्यं खोडून स्वतःची लिहिली तर मी गप्प बसायचं?

२७ एप्रिल

पुन्हा सोडून पाहिले. सुटत नाहीत. आईने प्रत्येक भेगेच्या टोकाला आतून गाठ मारलीय. घट्ट. तिची कुठलीच गोष्ट सैल नसते.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे जेव, उठ, किल्ली कुठे आहे, एवढं बोलते.

३० एप्रिल

आज मत्स्यालयाचे संचालक काम बघायला खोलीवर आले. सोबत त्या वीज केंद्राच्या कंपनीच्या एक बाई. कंपनीनेच दालन रंगवून दिलंय, दिवे बसवून दिलेत. मला हे आजच कळलं.

संचालकांनी पांढऱ्या भागावरून हात फिरवला. "वा! आराखड्यात इथे काहीतरी फाटकं-तुटकं होतं, मला त्याचीच धास्ती होती. शेवटी मुलं येतात हो. आता कसं पूर्ण वाटतं. बर्फासारखं!"

"आईने केलंय," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"आईच्या हाताची गोष्टच वेगळी," कंपनीच्या बाई म्हणाल्या. आई उठून उभी राहिली होती. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"आणि तुम्ही मजकूर पाठवलात ते गरम पाण्याचं कार्ड," जाता जाता संचालक म्हणाले, "ते लावायचं नाही."

"मग लोकांना कळणार कसं?"

"लोकांना समुद्र बघायचाय. समुद्राची तक्रार नाही."

त्यांच्या तोंडावर मी काय म्हटलं? "बरं." हो, मी 'बरं' म्हटलं. घरात ओरडणारी मी, बाहेरच्या माणसाला 'बरं' म्हणाले. लिहिताना कान तापलेत.

दार लागल्यावर आई चार दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली. "कसलं गरम पाणी?"

मग मी सांगितलं. पहिल्यापासून. कप्पे, शेवाळ, पांढरं पडणं, वीज केंद्र, चुरा. तिघींनी हातातलं काम खाली ठेवलं. बाबा पहिल्या फेरीहून आले होते, ते दारातच टेकले.

"आपली खाडी?" चष्मेवाल्या काकूंनी विचारलं. "माझा धाकटा पोहायला जायचा तिथली?"

"तीच."

"मग ती भोकं म्हणजे..."

"हो काकू."

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?" आत्या म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हाला..."

"आम्हाला काय कळतं," आईने माझं वाक्य पुरं केलं. आवाज न चढवता.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण रागही येत होता, कारण संचालकांनी मला एका शब्दाने गप्प केलं होतं. कार्ड नाही, भोकं नाहीत. उरलं काय? एक मोठा, सुंदर, खोटा गालिचा. तो तिथे वर्षानुवर्षं टांगलेला राहणार, कंपनीच्या दिव्यांखाली, वर माझं नाव.

आई उठली. तिने मशीनचं टोक एका हाताने उचललं, पायाखालून तो टणक गठ्ठा काढला आणि आणून माझ्यासमोर ठेवला. मशीन परत डगमगायला लागलं. ती जाऊन पुन्हा बसली.

मी गठ्ठ्याकडे बघत राहिले. बाबांनी कढत पाण्यात धुतलेला. त्यात टाका शोधूनही सापडत नाही. तो उसवता येत नाही, ताणता येत नाही, रफू करता येत नाही. आणि मग मला एकदम सुचलं.

"उकळायचं," मी म्हटलं. "सगळं."

आईने मान हलवली. तिला अगदी लगेच पटलं, याचं मला नवल वाटलं.

आत्याला पटलं नाही. "माझे तीन महिने उकळणार? वेड लागलंय का?" ती भांडली, रडली, पुन्हा भांडली. शेवटी म्हणाली, "उकळ. पण मी ढवळणार. माझ्या हातचं माझ्यासमोरच काय ते होऊ दे."

६ मे

आज सकाळी केलं. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याची मोठी कढई मागितली. त्याला वाटलं रंगवायचं असेल. सगळं ओतल्यावर त्याने आत डोकावून पाहिलं.

"वहिनी, लोकर आहे ही. खरी."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"वाटोळं होईल."

"तेच करायचंय."

तो दोन पावलं मागे सरला आणि मग स्वतःच विस्तव वाढवायला लागला.

आम्ही चौघींनी लाकडी दांड्यांनी ढवळलं. साबण घातला, पुन्हा ढवळलं. वाफेत कोणी कोणाला दिसत नव्हतं. आत्या दांडा आपटत होती आणि दर आपटीला कंपनीला शिव्या देत होती, मग संचालकांना, मग अधूनमधून मलाही. मीही आपटत होते. 'बरं' म्हटल्याचा सगळा राग मी त्या पाण्यात काढला. झालरी आधी सुजल्या, मग दबल्या, मग एकमेकींना चिकटल्या. लाल आणि जांभळा रंग सुटून पांढऱ्यात शिरला. पांढरं शिळ्या मांसासारखं दिसायला लागलं.

थंड पाण्यात टाकून फरशीवर काढलं तेव्हा सगळं निम्मं झालं होतं. कडक, सुरकुतलेलं, आखडून मुठी वळल्यासारखं. एक टाका दिसत नव्हता. तीन महिने आम्ही विणलं, ते जणू कोणी विणलंच नव्हतं.

आईने एक टोक उचलून उजेडात धरलं. सवयीने. पलीकडचं काही दिसलं नाही.

"आता हे कोणालाच होणार नाही," ती म्हणाली.

 मग आत्याने कढईच्या तळाशी दांडा घातला आणि काहीतरी वर काढलं. नारिंगी. तिचं प्रवाळ. तितकंच मोठं, तितकंच उमललेलं, पाणी निथळतंय आणि उन्हात चमकतंय.

मी ते हिसकावून घेतलं. बोटांत चुरडल्यावर लगेच कळलं. "आत्या! ही खरी नाहीये!"

"टोचते ना खरी," आत्या म्हणाली. लाजली नाही की काही नाही. "म्हटलं, एवढं तरी जरा झगझगीत असावं. तुझ्या लक्षात कुठे आलं? आणि बघ, माझ्याला काही झालं नाही."

मी तोंड उघडलं, तिला फाडून खायला. पण चष्मेवाल्या काकू त्या नारिंगीकडे एकटक बघत होत्या. आईसुद्धा. फरशीवर सगळीकडे ते मेलेलं पसरलेलं, आणि मधे ते, प्लास्टिकचं, ताजंतवानं.

मी ते पिशवीत ठेवलं.

८ मे

टांगून आले.

बाबांनी सुट्टी टाकून मला गाडीने सोडलं आणि वर चढवायलाही थांबले. जाळी पूर्वीच्या मापाची होती, त्यामुळे तिचा निम्मा भाग उघडाच राहिला, काळं लोखंड तसंच. मी तो झाकला नाही. एकेक तुकडा तारेने बांधला, पक्कडीने पीळ दिला, टोकं मुळापासून कापली. काढायचं असेल तर भिंत खरवडावी लागेल. बाबा शिडी धरून उभे होते. मधेच म्हणाले, "तेव्हा मी धुतलं म्हणून चिडली होतीस." मी खाली बघून "हो" म्हटलं. दोघंही हसलो नाही, पण बरं वाटलं.

नारिंगी तुकडा वर लावायचा की काढूनच टाकायचा, हा विचार वाटभर चालू होता. असा जसाच्या तसा उरलेला तुकडा माझ्या आराखड्यात नव्हता. शेवटी मुलांच्या नजरेसमोर येईल अशा उंचीवर, मधोमध लावला. कार्ड लावलं नाही. पाटीवर माझं एकटीचंच नाव होतं, ती पाटी काढून गाडीत ठेवली. नवी करायची आहे, त्यावर चार नावं.

उद्या सकाळी उद्घाटनाला संचालक पाहुण्यांना घेऊन येतील. ते जे म्हणतील ते म्हणोत. मी 'बरं' म्हणणार नाही, कारण मी तिथे नसेनच. उद्या खोलीत स्वेटर आहेत, मागे पडलेत, आईला हात हवेत.

दार बंद करताना चौकीदार डोकावला. बराच वेळ बघत राहिला.

"बाकीचं कसंतरीच दिसतंय, ताई," तो म्हणाला. "पण ते नारिंगी छान आहे. तेवढं जिवंत वाटतं."

"ते प्लास्टिक आहे," मी म्हटलं.

तो पुन्हा वळून बघायला लागला. मी कुलूप लावलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि घरी आले.